शब्द कुठून येतो? : दिवाणखान्यातील ध्वनीचा एक इतिहास

आमच्या वडिलांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. गेल्या पावसाळ्यापासून त्यांनी दूरचित्रवाणी पाहणे जवळजवळ सोडून दिले. आम्ही आवाज वाढवला की ते कपाळाला आठ्या घालत, कमी केला की उठून आपल्या खोलीत जात. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "ऐकू येतं रे, पण कळत नाही." पडदा मोठा, नवा आणि भिंतीवर टांगलेला, चित्र असे की नटाच्या भुवईचा केस मोजावा. पण बोललेले वाक्य मात्र कुणीतरी शेजारच्या खोलीतून, तोंडावर उशी धरून बोलावे तसे.

साउंडबार घ्यावा असे ठरले आणि मी दुकानात गेलो. विक्रेत्याने उत्साहाने एक फीत लावली. हेलिकॉप्टर डावीकडून उजवीकडे गेले, काच फुटली, जमीन हादरली. मी म्हटले, "दोन माणसं बोलताना ऐकवा." तो थोडा गोंधळला. प्रात्यक्षिकासाठी ठेवलेल्या फितींत स्फोट होते, वादळे होती, मोटारींच्या शर्यती होत्या. बोलणारी माणसे नव्हती. शेवटी त्याने बातम्यांची वाहिनी लावली आणि तिथे चार जण एकाच वेळी ओरडत होते.

प्रसंग विनोदी असला तरी त्याने माझ्या मनात एक प्रश्न सोडला. घरात आवाज आणण्याची माणसाची धडपड सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्या धडपडीच्या आरंभी माणसाला घरबसल्या काय ऐकायचे होते? आणि आज आपण जी यंत्रे विकत घेतो ती त्या इच्छेच्या वारसदार आहेत की दुसऱ्याच कुणाच्या? यंत्राची निवड हा बाजाराचा विषय मानला जातो. परंतु तिच्यामागे एक इतिहास आहे, आणि शब्दावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना तो ठाऊक असावा असे वाटते.

१

आरंभ पॅरिसमध्ये होतो. १८८१ साली तेथे विद्युत्‌शक्तीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. क्लेमाँ आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक मांडले आणि तारांनी तो आवाज प्रदर्शनाच्या दालनांत आणला. श्रोत्याने दोन कानांना दोन ग्राहक लावायचे. प्रत्येकाची तार रंगमंचाच्या वेगळ्या बाजूकडून आलेली. गायक डावीकडून उजवीकडे गेला तर ऐकणाऱ्यालाही ते जाणवे. ज्याला आपण 'स्टिरिओ' म्हणतो त्याचा हा पहिला सार्वजनिक अनुभव. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वृद्ध व्हिक्टर ह्यूगोने तो नातवंडांसह घेतला आणि आपल्या टिपणांत नोंदवला.

पुढे याचा व्यवसाय झाला. 'थिएट्रोफोन' नावाची ही सेवा १८९० पासून वर्गणीदारांना घरी मिळू लागली आणि १९३२ पर्यंत चालली. १९११ मध्ये मार्सेल प्रूस्त तिचा वर्गणीदार झाला. दम्याने बेजार झालेला, नाट्यगृहात जाऊ न शकणारा हा लेखक अंथरुणावर पडून द्यब्युसीचा ऑपेरा ऐकत असे. एका पत्रात त्याने स्वतःची गंमत केली आहे. एकदा कानावर येणारी गुणगुण त्याला मोठी रम्य, मात्र काहीशी आकारहीन वाटली. नंतर उमगले की ते मध्यंतर होते आणि तो प्रेक्षकांचा गलबला होता!

या विनोदात आमच्या वडिलांचे वाक्य आहे: ऐकू येते, पण कळत नाही. पण प्रूस्तनेच या नाण्याची दुसरी बाजूही पाहिली. त्याच्या महाकादंबरीच्या तिसऱ्या खंडात निवेदक दूरगावाहून आजीशी टेलिफोनवर बोलतो. चेहऱ्यापासून सुटलेला तिचा आवाज त्याला पहिल्यांदाच नीट ऐकू येतो, आणि त्या आवाजात आयुष्याने पाडलेले तडे त्याला जाणवतात. समोर असताना चेहरा वाचण्याच्या नादात त्याने तो आवाज ऐकलाच नव्हता. दृश्य आणि ध्वनी यांची ताटातूट झाली की ध्वनीला काय प्राप्त होते याचे इतके मार्मिक दर्शन अभियंत्यांच्या ग्रंथांत सापडणार नाही.

२

याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे एका वर्गखोलीत उलटा प्रश्न उभा होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयात १८९५ साली नवे व्याख्यानगृह उघडले आणि लगेच ध्यानात आले की तेथे व्याख्याता काय बोलतो ते कुणालाच समजत नाही. विद्यापीठाने वॉलेस सेबिन या तरुण पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाला यावर उपाय शोधायला सांगितले. सेबिनने ऑर्गनची नळी, घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्या सामग्रीवर रात्री काम केले. रात्री अशासाठी, की दिवसा रस्त्यावरचा आवाज आत येई. रिकाम्या सभागृहात स्वर थांबल्यावरही तो सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहतो असे त्याने मोजले. म्हणजे व्याख्यात्याचा एक शब्द विरण्याआधी पुढचे दहाएक शब्द त्यावर येऊन आदळत.

सेबिनने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातून बैठकींच्या गाद्या आणवल्या. एकेक गादी वाढवत नेली तसतसा घुमारा कमी होत गेला. या गाद्यांवरून त्याने जो नियम काढला तो आजही वास्तुध्वनिशास्त्राचा पाया आहे: खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब, आणि खोलीत ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो आखूड.

आपल्या आजच्या सदनिकेतला 'हॉल' या नियमाने तपासून पाहावा. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, वर सपाट स्लॅब, एका बाजूला काचेचे सरकते दार, समोर रिकामी रंगवलेली भिंत. पूर्वीच्या घरात जाजम असे, गाद्या-लोड असत, दांडीवर कपडे असत, कोनाडे आणि फडताळे असत. या अडगळीने घुमारा खाल्ला जात होता हे कुणाच्या गावीही नव्हते. अडगळ गेली आणि आपण फॉग व्याख्यानगृहाची छोटी आवृत्ती घरात बांधली. त्यामुळे यंत्र घेण्यापूर्वी एक जाड पडदा, जमिनीवर एक सतरंजी आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट असावे असे मी म्हणेन. पुस्तकांचे पुठ्ठे कमी-अधिक खोल असल्याने ध्वनी विखुरला जातो. सरळ उलटून कानावर येत नाही. वाचणाऱ्याच्या घराला एवढा लाभ आपसूक मिळतो.

३

घरातला आवाज कानाच्या नळीतून मोकळा झाला तो १९२५ साली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चलकुंडलाचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह बदलला की शंकू पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. शंभर वर्षे होऊन गेली तरी आपल्या घरातले बहुतेक सारे स्पीकर याच रचनेचे आहेत. रेडिओ आता फर्निचर झाला. कुटुंब त्याच्याभोवती बसू लागले. एक पेटी आणि एक आवाज, असा तो काळ होता.

या एका आवाजाने अस्वस्थ झालेला माणूस लंडनमध्ये होता. अ‍ॅलन ब्लमलाइन हा ईएमआय कंपनीतील अभियंता १९३१ साली पत्नीसह बोलपट पाहायला गेला होता, असे सांगितले जाते. पडद्यावरचा नट एका कडेहून दुसऱ्या कडेला गेला तरी त्याचा आवाज जागचा हलला नाही. ब्लमलाइनला ते खटकले आणि त्याने तेव्हाच पत्नीला सांगितले, की यावर आपल्याकडे उपाय आहे. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने दाखल केलेल्या ब्रिटिश पेटंटात (क्रमांक ३९४३२५) सत्तर दावे आहेत. दोन मायक्रोफोनांची मांडणी, एकाच खाचेत दोन ध्वनी कोरण्याची रीत, चित्रपटातला ध्वनी चित्रामागोमाग हलवण्याची युक्ती, असे पुढच्या अर्धशतकाचे बरेचसे ध्वनितंत्र त्यात बीजरूपाने आहे. लक्षात घ्यावे ते असे, की त्याच्या तक्रारीचे मूळ संगीतात नव्हते, बोलण्यात होते. माणूस जिथे दिसतो तिथून त्याचा शब्द यावा, एवढेच त्याचे म्हणणे होते.

पुढे ब्लमलाइन दूरचित्रवाणीकडे वळला. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अ‍ॅलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. तिथे पुढे कायम झालेल्या ४०५ रेषांच्या प्रणालीत त्याचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्याने ध्वनीला जागा दिली त्याच माणसाने घरात चित्र आणण्यालाही हात लावला. मात्र दूरचित्रवाणीला आपला स्टिरिओ द्यायला त्याला आयुष्य पुरले नाही. जून १९४२ मध्ये रडारची चाचणी घेताना झालेल्या विमान अपघातात तो अडतिसाव्या वर्षी मरण पावला.

त्याच काळात अमेरिकेत बेल प्रयोगशाळा दुसऱ्या वाटेने निघाली होती. हार्वी फ्लेचरच्या नेतृत्वाखाली २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात आणला गेला. संचालक लिओपोल्ड स्टोकोव्‌स्की वॉशिंग्टनमध्ये नियंत्रणाच्या कळांपाशी बसला होता, आणि रंगमंच रिकामा होता. या प्रयोगात वाहिन्या दोन नव्हत्या, तीन होत्या: डावी, उजवी आणि मधली. दोनच ध्वनिक्षेपक असतील तर मधोमध बसलेल्यालाच मधला आवाज मध्ये ऐकू येतो. जो कडेला बसतो त्याच्यासाठी तो जवळच्या ध्वनिक्षेपकाकडे घसरतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ च्या प्रबंधात याचे कारण नीट मांडले. एकच ध्वनी दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आला, तर कान पहिल्या आगमनाला प्रमाण मानतो आणि सारा ध्वनी तिथूनच आला असे समजतो. मधली वाहिनी हा घोटाळा मिटवते.

घराच्या दृष्टीने या मधल्या वाहिनीइतकी मोलाची दुसरी गोष्ट या इतिहासात नाही, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

४

फ्लेचरचा संघ तीन वाहिन्यांपाशी आला यात योगायोग थोडाच होता. टेलिफोन कंपनीची ही प्रयोगशाळा कित्येक वर्षे एकच गोष्ट मोजत होती: तारेतून गेलेला शब्द पलीकडे कळतो की नाही. त्यासाठी त्यांनी अर्थहीन अक्षरे वाचून दाखवली आणि श्रोत्यांना लिहून घ्यायला लावली. अर्थहीन अशासाठी, की अर्थ असला तर माणूस न ऐकलेलेही अंदाजाने भरून काढतो. शुद्धलेखन घालणाऱ्या शिक्षकाला ही रीत परिचित वाटेल.

या मोजण्यांतून जे निघाले ते आपल्या व्याकरणाशी विलक्षण जुळते. बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांत असते आणि ती खालच्या कंपनसंख्यांत साठलेली असते. अर्थाचा भेद मात्र प्रामुख्याने व्यंजनांवर तोललेला असतो, आणि व्यंजने दुबळी, क्षणिक व वरच्या कंपनसंख्यांत पसरलेली असतात. फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ मध्ये दाखवले, की सुमारे १९०० हर्ट्‌झपाशी बोलण्याचे दोन तुकडे केले तर आकलनाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच वजनाचे भरतात. ऊर्जा मात्र जवळजवळ सगळी खालच्या तुकड्यात असते.

मराठीत 'कान', 'पान', 'छान', 'दान', 'मान' हे शब्द उच्चारून पाहावेत. स्वर तोच आहे, आणि सारा फरक पहिल्या काही क्षणांत उरकतो. वार्धक्यात कान प्रथम वरच्या कंपनसंख्यांना बधिर होतात. म्हणजे 'आन' पोचते, त्याच्यापुढचे अक्षर पोचत नाही. आपण आवाज वाढवतो तेव्हा स्वरांचा गडगडाट वाढतो आणि व्यंजने त्याखाली आणखी दडपली जातात. आपल्या पूर्वसूरींनी या वर्णांना व्यंजन, म्हणजे व्यक्त करणारे, म्हटले ते वेगळ्या विचारातून. परंतु बेल प्रयोगशाळेच्या तक्त्यांवर लिहायलाही दुसरे चांगले नाव सापडले नसते. आता वडिलांच्या वाक्याचा अर्थ शब्दशः लागतो. त्यांना स्वर ऐकू येत होते, व्यंजने ऐकू येत नव्हती.

५

मग घरातल्या यंत्रांनी व्यंजनांची काळजी का घेतली नाही? कारण त्यांचा आदर्श मध्येच बदलला. दूरचित्रवाणीने चित्रपटगृहाचे अनुकरण सुरू केले.

चित्रपटगृहाला भव्यता हवी होती. डिस्नेच्या १९४० च्या 'फँटेझिया'साठी प्रेक्षकांना वेढणारी खास ध्वनियोजना करण्यात आली. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने डॉल्बी स्टिरिओला घराघरांत नाव मिळवून दिले, आणि १९८२ पासून त्या वेढणाऱ्या ध्वनीची घरगुती आवृत्ती मिळू लागली. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डिजिटल ५.१ आले: समोर तीन, मागे-बाजूला दोन, आणि दशांशानंतरचा तो एक म्हणजे केवळ खोल गडगडाटासाठी राखलेली मर्यादित वाहिनी. २०१२ मध्ये 'ब्रेव्ह'पासून डॉल्बी अ‍ॅटमॉसने छतावरूनही ध्वनी आणला. या प्रत्येक पायरीवर आकडा वाढला आणि दुकानातली पाटी लांबली. चित्रपटगृहात मात्र संवाद पहिल्यापासून आजवर बव्हंशी मधल्या वाहिनीतूनच येतो, हे पाटीवर लिहिलेले नसते.

आपल्याकडचा प्रवास निराळा होता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचा प्रारंभ झाला आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा संच म्हणजे पुढे सरकते शटर असलेली लाकडी पेटी. चित्रनळीच्या खोलीमुळे पेटी अवजड होई, पण त्या अवजडपणाने स्पीकरला जागा दिली होती. तो पडद्याशेजारी, बघणाऱ्याकडे तोंड करून बसलेला असे. त्या एकाच स्पीकरमधून 'गजरा' आला, 'प्रतिभा आणि प्रतिमा'मधून लेखक-कवी बोलले. खोल गडगडाट त्यात नव्हता आणि झंकारही बेताचाच होता. पण मधल्या पट्टीतला, थेट तोंडावर येणारा शब्द होता. स्मृती गतकाळाला सोनेरी मुलामा देते हे मान्य करूनही, त्या पेटीतून शब्द स्पष्ट का येत होता याला भौतिक कारण आहे.

मग पडदे सपाट झाले. भोवतीची चौकटही नाहीशी झाली आणि स्पीकर बुडाशी किंवा पाठीमागे गेले. ते आता जमिनीशी किंवा भिंतीशी बोलतात. आपल्याला त्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. वरच्या कंपनसंख्या सरळ रेषेत जाणाऱ्या, म्हणून या वळणावर सर्वप्रथम गळतात त्या व्यंजनेच. त्यात चित्रपटगृहासाठी मिसळलेला ध्वनी दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबला जातो आणि मधल्या वाहिनीचा संवाद पार्श्वसंगीतात विरघळतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१४ मध्ये बीबीसीने डॅफ्ने द्यू मॉरियेच्या 'जमेका इन' या कादंबरीचे रूपांतर दाखवले, तेव्हा संवाद कळत नाहीत अशा दोन हजारांहून अधिक तक्रारी आल्या. नटांचे पुटपुटणे, ध्वनिमिश्रण आणि घरातले संच अशा तिघांवर दोष वाटला गेला. तक्रारदारांचे म्हणणे मात्र आमच्या वडिलांपेक्षा वेगळे नव्हते.

६

साउंडबार हा या पोकळीतून जन्मला. पडद्याने टाकून दिलेली पेटी आडवी करून पुन्हा त्याच्या पायाशी आणून ठेवणे, असे त्याचे वर्णन करता येईल. २००४ साली यामाहाने 'वायएसपी-१' आणला तेव्हा त्यात चाळीस लहान स्पीकर होते. ध्वनीचे झोत भिंतींवर मारून ते मागून येत असल्याचा भास त्यातून निर्माण होई. कल्पना चतुर होती. पण तिला दोन्ही बाजूंना टणक भिंती लागतात. ज्या हॉलची एक बाजू स्वयंपाकघराकडे आणि दुसरी बाल्कनीकडे उघडते तिथे झोत परत येतच नाही. छतावरून ध्वनी उडवणाऱ्या आजच्या अ‍ॅटमॉस पट्ट्यांचेही तसेच. सपाट, फार उंच नसलेले छत असेल तर त्या चालतात. तिरप्या कौलारू छताखाली किंवा तक्तपोशीच्या उतारावर त्यांचा उपयोग नाही.

येथे आणखी एका जुन्या नियमाशी गाठ पडते. एडगर व्हिलचरने १९५४ मध्ये बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल स्वर काढला. मोबदल्यात ती पेटी वीज जास्त मागू लागली. पुढे हॉफमनच्या नावाने नियम रूढ झाला: लहान आकार, खोल स्वर आणि कमी विजेत मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. एक सप्तक खाली उतरायचे, तर बाकी सारे तसेच राखून पेटी आठपट मोठी करावी लागते. म्हणून बोटभर उंचीची पट्टी जमीन हादरवते असे कुणी म्हणाले तर सोबत वेगळा सबवूफर आहे ना, हे पाहावे. आणि तो असेल तर खालच्या मजल्यावर कोण राहते याचाही विचार करावा, कारण खोल स्वराला भिंत फारशी अडवत नाही.

या साऱ्या इतिहासातून निवडीपुरते जे निष्पन्न झाले ते असे. संवाद कळणे हे उद्दिष्ट असेल तर स्वतंत्र मधली वाहिनी असलेली पट्टी घ्यावी; वर्णनात पहिला आकडा किमान तीन असावा. दोन वाहिन्यांची स्वस्त पट्टीही पडद्याच्या स्पीकरपेक्षा बरी, कारण तिचे तोंड आपल्याकडे असते, पण तिच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा करू नये. जागा आणि हौस असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बऱ्यापैकी बुकशेल्फ स्पीकर संगीतासाठी साउंडबारपेक्षा पुष्कळदा सरस ठरतात. मात्र ते कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून साधारण आपल्या बैठकीइतक्याच अंतरावर हवेत, आणि मधोमध बसणारा एकच असेल तर उत्तम. घरात चार जण चार कोपऱ्यांत बसत असतील तर फ्लेचरचा तिसरा स्पीकर हवाच. मागचे दोन स्पीकर मागून हवेत असा समज आहे, पण प्रमाणित मांडणीत ते समोरच्या दिशेपासून सुमारे ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असतात. सोफा भिंतीला टेकवलेला असेल तर त्यांच्यासाठी जागाच नसते, तेव्हा तो खर्च मधल्या स्पीकरवर करावा.

जोडणी एचडीएमआयच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या खाचेतून करावी. पहिली सोय २००९ पासूनची, दुसरी अधिक क्षमतेची २०१७ मधली. ओठ आणि शब्द यांत अंतर पडले तर ध्वनीच्या विलंबाची मांडणी यंत्रात असते, ती शोधावी. 'नाइट' किंवा 'डायलॉग' नावाची कळ दुकानातच दाबून पाहावी. पहिली स्फोट खाली आणते, दुसरी बोलणे वर आणते. आणि दुकानात जाताना आपल्या परिचयाचा एखादा संवाद, शक्यतो मराठी नाटकाचे ध्वनिमुद्रण, बरोबर न्यावा. माहितीची वाक्ये अंदाजाने भरून निघतात, म्हणून अर्धा भाग अनोळखीही असू द्यावा.

या सगळ्याच्या आधी कानांची तपासणी करून घ्यावी. आमच्याकडे ती आम्ही नंतर केली, ही चूक. कोणतीही पट्टी श्रवणयंत्राचे काम करत नाही. वडिलांना आता श्रवणयंत्र आहे आणि हॉलमध्ये तीन वाहिन्यांची एक साधी पट्टी. सबवूफर आम्ही घेतला नाही. काचेच्या दाराला आईच्या जुन्या साड्यांचा दुहेरी पडदा आला आहे आणि वडिलांच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट बाहेर सरकले आहे.

परवा संध्याकाळी ते बातम्या पाहत बसले होते. मी आतून विचारले, "बाबा, नीट कळतंय ना?" उत्तर थोड्या वेळाने आले, आणि सुरात शाळेतली जुनी चीड होती.

"कळतंय. ही मुलगी मघापासून 'पाणी'ला 'पानी' म्हणतेय."